मे महिन्यात ऊन जास्त, तरी बॅटरी का भरत नाही? सोलरवर एलएम३१७ लावताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बार्शीजवळ शेतावरच्या खोलीत २० वॅटचं पॅनल, १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, मधे एक एलएम३१७ (व्होल्टेज उतरवून ठराविक ठेवणारी रेग्युलेटर चिप) चार्जिंगसाठी, दुसरा एलएम३१७ बॅटरीवरून ५ व्होल्ट करून मोबाईल चार्जिंगला, आणि रात्री एलईडी. डिसेंबरात सगळं नीट चाललं, मे महिन्यात बॅटरी भरेना, मोबाईलवाला चिप हात लावू देत नाही आणि फोन चार्जिंगला लागतो-सुटतो. एलएम३१७ काढून बक मॉड्यूल (स्विचिंगनं व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) लावू का, लाईट पण त्याच चिपवर घेऊ का, आणि पावसाळ्यात नाल्यावर छोटं टर्बाइन बसवलं तर हेच सर्किट चालेल का, असं विचारलंय.

भाऊ, तुमच्याकडे दोन एलएम३१७ आहेत आणि दोघांची केस पूर्ण वेगळी आहे. चार्जिंगला लावलेला तितका वाईट नाही जितकं लोक सांगतात, मोबाईलला लावलेला मात्र आजच काढा. सगळे एकच सांगतात की लिनियर रेग्युलेटर (एलएम३१७ सारखा, जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत जाळणारा) म्हणजे वाया, बक म्हणजे भारी, आणि तिथं गोंधळ होतो. खरं बघायचं ते एवढंच की चिपच्या इनपुट आणि आउटपुटमधे किती व्होल्टचा फरक पडतोय आणि त्या वेळी करंट किती वाहतोय, त्या दोघांचा गुणाकार म्हणजे चिपवर जळणारे वॅट. हा फरक २ व्होल्ट असेल तर लिनियर लावा बिनधास्त, ८ व्होल्ट असेल तर नको.

आधी मोबाईलचं बघू कारण ते सोपं आहे. बॅटरी १३ व्होल्टवर आहे, फोनला ५ व्होल्ट १ अँपिअर देताय, म्हणजे ८ व्होल्ट गुणिले १ अँपिअर, ८ वॅट चिपवर. फोनला मिळतायत ५ वॅट. टीओ-२२० पॅकेजची (तीन पायांची, मागे धातूचा टॅब असलेली) चिप नुसती हवेत उभी असेल तर दर वॅटला साधारण ५० अंश तापते, आतल्या सिलिकॉनची मर्यादा १२५ अंश, आणि मे महिन्यात तुमच्या बंद डब्यात ४५ अंश तर सहज असणार. उरले ८० अंश, भागिले ५०, म्हणजे हीटसिंकशिवाय दीड वॅटच्या आसपास झेपतो. तुम्ही ८ टाकताय. चिप लगेच जळत नाही कारण आत थर्मल शटडाउन आहे, तापली की स्वतःच आउटपुट पाडते, थंड झाली की परत चालू, आणि फोनवर तेच तुम्हाला 'चार्जिंग-नॉट चार्जिंग' असं दिसतंय. फोन, केबल, बॅटरी सगळं ठीक आहे.

मोठा हीटसिंक लावून हे थांबेल, पण खरं नुकसान उष्णतेचं नाहीच. लिनियर रेग्युलेटरमधे जेवढा करंट बाहेर तेवढाच आत, म्हणजे फोनला १ अँपिअर दिला की बॅटरीतून पण १ अँपिअर गेला. ८० टक्के एफिशियन्सीचा बक लावला तर तेच ५ वॅट द्यायला बॅटरीतून अर्धा अँपिअर पुरतो. ७ एएच बॅटरी निम्मीच वापरायची (लेड-ॲसिड टिकवायची असेल तर निम्म्याखाली रोज नेऊ नका) तर साडेतीन एएच हातात, लिनियरवर साडेतीन तास, बकवर सात तास. घरात दोन फोन रोज दोन-दोन तास लागत असतील तर एलएम३१७ रोज ४ एएच खातो, आणि २० वॅटचं पॅनल मे महिन्यातल्या चांगल्या दिवशी बॅटरीत टाकतं तेच ४ ते ५ एएच. म्हणजे दिवसभराची कमाई जवळपास फोनच घेऊन जातोय आणि तुम्ही चार्जिंगच्या सर्किटला दोष देताय.

फोनसाठी फिक्स ५ व्होल्टचं बक यूएसबी मॉड्यूल घ्या, प्रीसेटवालं (स्क्रू फिरवून व्होल्टेज सेट करायचं) नको. एलएम२५९६ चे निळे बोर्ड स्वस्त मिळतात, पण त्यावरचा मल्टिटर्न प्रीसेट फीडबॅकच्या (आउटपुट किती आहे ते चिपला कळवणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या) वरच्या बाजूला असतो, त्याचा वायपर (मधला सरकता संपर्क) धुळीनं किंवा दमटपणामुळे सुटला तर फीडबॅकला वाटतं आउटपुट शून्य आहे आणि चिप पूर्ण उघडते. फोनला सरळ १२ व्होल्ट. फिक्स व्होल्टेजच्या मॉड्यूलमधे हे दोन रेझिस्टर पक्के सोल्डर केलेले असतात किंवा चिपच्या आतच असतात. ॲडजस्टेबलच वापरायचं असेल तर सेट करून घ्या, प्रीसेट काढून ओम मोजा आणि तेवढ्याचा मेटल फिल्म रेझिस्टर टाका. आणि नवीन बोर्डवर आधी काहीही न जोडता व्होल्टेज बघा, ते कितीवर सेट होऊन आलंय याचा भरवसा नसतो, स्क्रू बरेच फेरे फिरवेपर्यंत काही हलत पण नाही, म्हणून लोक घाईत जोरात फिरवतात आणि तोडतात.

आता चार्जिंगवाला एलएम३१७. इथं मे आणि डिसेंबरचं कोडं आहे आणि ते समजलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

पॅनलच्या मागच्या स्टिकरवर साधारण असं लिहिलेलं असेल: ओपन सर्किट २१.६ व्होल्ट, मॅक्स पॉवरला १८ व्होल्ट, करंट १.१ अँपिअर. हे आकडे सेल २५ अंशावर असतानाचे. पॅनल हा मेन्सच्या सप्लायसारखा ठराविक व्होल्टेज देणारा सोर्स नाही, तो ठराविक करंट देणारा सोर्स आहे, म्हणजे ० पासून साधारण १७-१८ व्होल्टपर्यंत कुठेही चालवा, करंट जवळपास तोच, आणि त्या वळणाच्या (त्याला गुडघा म्हणतात) पुढं गेलात की करंट धाडकन पडतो. बॅटरी १२.५ वर असेल, शॉटकी डायोडवर (कमी ड्रॉपचा डायोड) ०.४ आणि एलएम३१७ ला १ अँपिअरवर लागणारे साधारण २ व्होल्ट धरले तर पॅनल १४.९ वर चालतंय. गुडघा १८ ला आहे, म्हणजे करंट पूर्ण मिळतोय. एलएम३१७ नसता तर पॅनल १२.९ वर चाललं असतं, करंट तोच असता! म्हणजे बॅटरी रिकामी असताना चिपवर जे दोन वॅट जळतायत ते असेही बॅटरीत गेले नसते. म्हणूनच म्हटलं की चार्जिंगवाला तितका वाईट नाही. ही गोष्ट बरेच जण विसरतात आणि 'एलएम३१७ मुळे १५ टक्के लॉस' असं सरसकट लिहून मोकळे होतात.

डिसेंबरात हे असंच चाललं. मे महिन्यात पॅनलचे सेल भर दुपारी ६५ अंशाला जातात, पत्र्यावर चिकटवून बसवलं असेल तर त्याच्याही वर. सेल तापले की व्होल्टेज पडतं, मॅक्स पॉवरचं व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.४ टक्के. ४० अंश जास्त म्हणजे १६ टक्के, १८ चे झाले १५. आता बॅटरी साडेतेरावर आली की पॅनलकडून हवेत १३.५ अधिक ०.४ अधिक २, जवळपास १६ व्होल्ट, म्हणजे तुम्ही गुडघ्याच्या पलीकडे गेलात आणि करंट घसरला. त्यात तुम्ही डायोड शॉटकी नाही, साधा १एन४००७ लावलाय, तो १ अँपिअरवर ०.८-०.९ खातो, आणि पॅनलपासून खोलीपर्यंत १० मीटर बारीक वायर. ०.७५ स्क्वेअरची वायर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर तांबं, अर्धा ओमच्या जवळ रेझिस्टन्स, अर्धा व्होल्ट तिथं. एकेक करून सगळ्यांनी पॅनलकडून एक-एक हिस्सा मागितला आणि तापलेल्या पॅनलकडे द्यायला एवढं व्होल्टेज उरलंच नाही.

यावर उपाय स्वस्त आहेत. डायोड बदलून १एन५८२२ लावा, तो ३ अँपिअर ४० व्होल्टचा शॉटकी आहे. वायर अडीच स्क्वेअरची करा, ड्रॉप अर्ध्या व्होल्टवरून ०.१५ वर येतो. पॅनल पत्र्यापासून वीतभर उचला, खालून वारा खेळू द्या. तिन्ही मिळून एक व्होल्टच्या आसपास परत मिळतो आणि मे महिन्यात हाच एक व्होल्ट महत्त्वाचा असतो.

बदल करायच्या आधी आणि नंतर भर दुपारी मल्टिमीटर घेऊन हे मोजा: चिपच्या इनपुट पिनवर, आउटपुट पिनवर आणि बॅटरीच्या टर्मिनलवर, सगळं बॅटरीच्या निगेटिव्हला धरून. इनपुट-आउटपुटमधे दीड-दोन व्होल्टच फरक असेल तर चिप पूर्ण उघडी आहे, ती काहीही अडवत नाहीये, जे मिळतंय ते पॅनलचं मॅक्झिमम आहे. चार-पाच व्होल्ट फरक असेल तर ती रेग्युलेट करतेय, म्हणजे बॅटरी भरत आली. आणि आउटपुट पिन आणि ॲडजस्ट पिन (व्होल्टेज सेट करायची तिसरी पिन) यांच्यामधे १.२५ च्या आसपास यायला हवं (डेटाशीटप्रमाणे १.२ ते १.३). चिप रेग्युलेट करत असताना तिथं ०.८ किंवा २ दिसत असेल तर चिप तरी गेली आहे, शटडाउनमधे आहे, किंवा ती एलएम३१७ नाहीच. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की आपली पुण्यातली तपकीर गल्ली, घासून परत छापलेल्या चिपा मिळतात, आणि हा १.२५ चा चेक त्यातल्या बऱ्याचशा तिथल्या तिथं पकडतो.

चार्जिंगची चिप सगळ्यात जास्त कधी तापते माहितेय का? रिकाम्या बॅटरीला नाही. तेव्हा फरक २ व्होल्टच असतो, २ वॅटच्या थोडं वर. पूर्ण भरल्यावर पण नाही, तेव्हा करंटच नसतो. मधे, बॅटरी भरत आलेली असताना आणि वरून लोड चालू असताना, पॅनल १९ च्या आसपास चढलेलं, आउटपुट १४, करंट ०.८ अँपिअर, म्हणजे ५ गुणिले ०.८, ४ वॅट. हीटसिंक त्या ४ वॅटसाठी निवडा, थोडा मोठाच घ्या. आणि इथं एक जागा आहे जिथं शेतावरचे सेटअप हमखास फसतात, चिपच्या मागचा धातूचा टॅब आउटपुटला जोडलेला असतो, ग्राउंडला नाही. लोखंडी डब्याला सरळ स्क्रूनं कसला आणि डबा कुठं निगेटिव्हला लागला की आउटपुट शॉर्ट. मायका किंवा सिलिकॉन पॅड आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश, दोन्ही लागतात, नुसत्या पॅडनं भागत नाही कारण करंट स्क्रूमधून जातो.

रेझिस्टरचं. सूत्र सगळीकडे मिळतं, आउटपुट बरोबर १.२५ गुणिले कंसात १ अधिक आर-२ भागिले आर-१ (आर-१ आउटपुट आणि ॲडजस्टच्या मधे, आर-२ ॲडजस्ट आणि निगेटिव्हच्या मधे). आर-१ ला लोक २४० ओम टाकतात कारण डेटाशीटच्या चित्रात तेच आहे. पण एलएम३१७ ला रेग्युलेशन टिकवायला कमीत कमी लोड लागतो, टिपिकल साडेतीन मिलिअँपिअर पण वाईटात वाईट चिपला १०. २४० ओमवर फक्त ५ मिळतात. १२० टाका, १०.४ मिलिअँपिअर होतात, मग बॅटरी भरलेली असताना व्होल्टेज हळूच वर सरकत नाही. शॉटकी आउटपुट आणि बॅटरीच्या मधे ठेवा, म्हणजे रात्री बॅटरी या रेझिस्टरांतून आणि उलट चिपमधून पॅनलकडे रिकामी होत नाही. डायोड मधे असल्यानं चिपचं आउटपुट बॅटरीला हव्या व्होल्टेजपेक्षा ०.२५-०.३ वर सेट करायचं. बॅटरीवर १३.८ हवे असतील तर चिपवर १४.१, आर-२ येतो १२३० ओमच्या जवळ, म्हणजे १ के फिक्स आणि सिरीजमधे ५०० ओमचा मल्टिटर्न प्रीसेट. प्रीसेटचा वायपर त्याच्या एका टोकाला जोडूनच ठेवा, वायपर सुटला तरी पूर्ण ५०० ओम मधे राहतात, व्होल्टेज १७ च्या खाली थांबतं. नाही जोडला आणि सुटला तर ॲडजस्ट पिन हवेत, पॅनलचं जवळपास सगळं व्होल्टेज बॅटरीवर, आणि सीलबंद बॅटरी फुगायला वेळ लागत नाही.

आर-१ चं टोक चिपच्या आउटपुट पिनला अगदी पायापाशी सोल्डर करा. वायरनं बॅटरीपर्यंत नेऊन तिथं जोडू नका, 'बॅटरीचं खरं व्होल्टेज मोजावं' म्हणून लोक तसं करतात पण एलएम३१७ ला ते उलटं लागू पडतं. चिप आउटपुट आणि ॲडजस्टमधे १.२५ धरून ठेवते, त्या मधे वायरचा ०.०५ ओम आला तरी त्याचा परिणाम आर-२ भागिले आर-१ च्या प्रमाणात वाढतो, १४ व्होल्टच्या सेटिंगला अकरापट. १ अँपिअरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त चूक. याउलट आर-२ चं खालचं टोक मात्र बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपर्यंत वेगळ्या वायरनं न्या, तिथं फायदाच होतो. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक चिपजवळ, लांब वायर असल्यामुळे सोबत ४७-१०० मायक्रोचा इलेक्ट्रोलिटिक, आणि तो ५० व्होल्टचा घ्या. थंडीच्या सकाळी पॅनलचं ओपन सर्किट २२ च्या वर जातं, २५ व्होल्टचा कपॅसिटर तिथं काठावर राहतो.

किती व्होल्टला सेट करायचं यावर वाद होतात. कंपन्या स्टँडबायला १३.५ ते १३.८ आणि रोजच्या सायकलला १४.४ च्या पुढं सांगतात, २५ अंशाला. सोलरमधे सूर्य रोज मावळतो म्हणून बॅटरी तासन् तास वरच्या व्होल्टेजवर बसत नाही, त्यामुळे रोज वापर असेल तर मी बॅटरीवर १४ ते १४.१ ठेवतो. पण गरमीत कमी करायला हवं, स्टँडबायचं व्होल्टेज १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला साधारण १८ मिलिव्होल्टनं उतरवायचं असतं. ४० अंशाच्या खोलीत २५ पेक्षा १५ अंश जास्त, म्हणजे पाव व्होल्टच्या थोडं वर. तुमच्याकडे उन्हाळाभर १३.८ ठेवा आणि थंडीत १४.१ करा, दिवाळीला आणि होळीला एकदा स्क्रू फिरवला तरी बॅटरीचं आयुष्य चांगलं वाढतं. खोली महिनाभर बंद ठेवणार असाल तर १३.५.

हे सगळं लिहिल्यावर सरळ सांगतो, २० वॅट आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला रेडिमेड पीडब्ल्यूएम (झपाट्यानं चालू-बंद करून चार्जिंग आवरणारा) चार्ज कंट्रोलर एलएम३१७ पेक्षा बरा. त्यात पॅनल आणि बॅटरीमधे नुसता मॉसफेटचा (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) स्विच असतो, ड्रॉप फार कमी, मे महिन्याचा प्रश्न निम्म्यावर येतो. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: त्यात लो व्होल्टेज कटऑफ असतो. एलएम३१७ बॅटरी जास्त भरू देत नाही, पण रात्री कुणी एलईडी चालू ठेवून झोपलं तर बॅटरी ९ व्होल्टला जाईल, त्याला तो काय करणार. छोट्या लेड-ॲसिड बॅटऱ्या ओव्हरचार्जनं जेवढ्या मरतात त्यापेक्षा जास्त या खोल डिस्चार्जनं आणि तशाच पडून राहिल्यानं मरतात, हे मी खूप ठिकाणी बघितलंय. चिप ठेवायचीच असेल, शिकायला म्हणून किंवा हातात आहे म्हणून, तरी लोडच्या बाजूला ११ व्होल्टला तोडणारं काहीतरी लावाच.

मग चार्जिंगचा एलएम३१७ काढून तिथं बक? पॅनलवर सरळ साधा बक लावताना एक भानगड आहे जी डेटाशीटमधे दिसत नाही. बक आउटपुटला ठराविक पॉवर द्यायला बघतो, इनपुट व्होल्टेज कमी झालं की तो जास्त करंट ओढतो. बॅटरीवर हे चालतं. पॅनलवर सकाळी किंवा ढगात काय होतं, समजा पॅनल ४ वॅटच देऊ शकतंय आणि बकला फोनसाठी ६ हवेत, तो करंट वाढवतो, पॅनल गुडघ्याच्या खाली घसरतं, व्होल्टेज अजून पडतं, तो अजून ओढतो, आणि शेवटी पॅनल सहा-साडेसहा व्होल्टवर आपटून तिथंच चिकटतं. ४ वॅटच्या उन्हात हाताला दीड वॅट पण लागत नाही. लिनियर असं कधीच करत नाही, आत-बाहेर करंट सारखाच असल्यानं तो पॅनलला खाली ओढत नाही. म्हणून पॅनलवरून थेट फोन नको, मधे बॅटरी हवी, आणि पॅनलच्या बाजूला बक हवाच असेल तर असा घ्या जो स्वतःच्या इनपुटवर नजर ठेवतो, पॅनल ठरवलेल्या व्होल्टेजखाली जायला लागलं की करंट कमी करतो. एलटी३६५२ या चार्जर चिपमधे ही सोय आतच आहे, सीएन३७९१ मधे पण आहे पण तो सिंगल लिथियम सेलसाठी. जाता जाता, एलएम३१७ बनवला १९७६ मधे नॅशनल सेमीकंडक्टरमधे बॉब डॉबकिन यांनी, आणि एलटी३६५२ ज्या लिनियर टेक्नॉलॉजीचा, तिच्या १९८१ च्या संस्थापकांतही तेच. एलएम३१७ चा मुख्य वापर होता ट्रान्सफॉर्मरवरच्या सप्लायमधे, मागे मेन्स होतं, दोन-चार वॅट गेले तर कुणी विचारत नव्हतं.

बक घेताना इनपुटची मर्यादा बघा. २४ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं ७२ सेलचं पॅनल उघडं असताना ४४-४५ व्होल्ट देतं, एलएम२५९६ ची मर्यादा ४० आहे, एमपी१५८४ ची २८. सकाळी पहिल्या उन्हात, लोड लागायच्या आधी, तो बोर्ड जातो आणि लोकांना कळत नाही का गेला. तसंच एएमएस१११७ ॲडजस्टेबल दिसायला एलएम३१७ चा छोटा भाऊ, ड्रॉप पण कमी, पण इनपुट १५ व्होल्टच्या वर नाही, १२ व्होल्टच्या पॅनलवर तो लावायचाच नाही.

लाईटला मात्र एलएम३१७ मला अजूनही आवडतो, करंट सोर्स म्हणून. आउटपुट आणि ॲडजस्टच्या मधे एक रेझिस्टर, करंट बरोबर १.२५ भागिले ओम. ३.६ ओम १ वॅटचा टाकला की ३५० मिलिअँपिअरच्या जवळ. १ वॅटचे पांढरे एलईडी तीन सिरीजमधे घ्या, साधारण ९.६ व्होल्ट होतात. दोन घेतले तर बॅटरीचे सहा व्होल्ट चिप-रेझिस्टरवर जळतात, चार घेतले तर पेटणारच नाहीत. तीनवर ७५ टक्क्यांच्या पुढं एफिशियन्सी मिळते, आणि स्वस्त एलईडी ड्रायव्हरचा रेडिओत येणारा खरखराट नाही. सर्किटला एकूण ३ व्होल्टची जागा लागते, म्हणून बॅटरी साडेबाराच्या खाली गेली की उजेड हळूहळू कमी होतो. शेतावर मला तो दोष वाटत नाही, माणसाला कळतं की आता बंद करायची वेळ झाली.

लिथियमचं पण विचारतील कुणीतरी म्हणून लिहितो. १८६५० सेल एलएम३१७ वर ४.२ ला सेट करून चार्ज करायची सर्किटं फिरत असतात, करू नका. चिपचा रेफरन्स चार टक्के वर-खाली असू शकतो, सूत्रानं रेझिस्टर टाकून मीटर न लावता जोडलं तर ४.३५ पण येऊ शकतं आणि लिथियमला एक टक्क्याची अचूकता लागते. ६ व्होल्टच्या छोट्या पॅनलला प्रोटेक्शनवाला टीपी४०५६ चार्जर बोर्ड लावा, पण त्याला ८ व्होल्टच्या वर देऊ नका. आणि ज्यांना द्राक्षबागेत ओलाव्याचा सेन्सर लावायचाय, ईएसपी बोर्ड (वाय-फायवाला छोटा कंट्रोलर) वगैरे, त्यांनी तिथं एलएम३१७ चा विचारच सोडा. सेन्सर झोपेत काही मायक्रोअँपिअर घेतो आणि चिपचे दोन रेझिस्टर ५ ते १० मिलिअँपिअर, ५ धरले तरी दिवसाला १२० एमएएच नुसते रेग्युलेटर जागा ठेवायला. एचटी७३३३ सारखा एलडीओ (कमी ड्रॉपचा लिनियर रेग्युलेटर) तेच काम ४-५ मायक्रोअँपिअरमधे करतो, त्याला इनपुट १२ व्होल्टच्या आत ठेवा.

राहिलं नाल्यावरचं टर्बाइन. तिथं सिरीज (वाटेत मधे बसणारा) रेग्युलेटर, मग तो एलएम३१७ असो की बक, एकटा लावायचा नाही. पॅनलवरचा लोड काढला तर पॅनल जास्तीत जास्त २२ व्होल्टला जाऊन गप्प उभं राहतं, काही बिघडत नाही. टर्बाइनवरचा लोड काढला की चाकावर पाणी पडतच राहतं, अडवणारं काही नसतं, स्पीड दीड-दोनपट होतो आणि त्याच्यासोबत व्होल्टेज पण. बॅटरी भरली म्हणून रेग्युलेटरनं करंट कमी केला, म्हणजे त्यानंच लोड काढला, आणि थोड्या वेळात त्याच्याच इनपुटवर नेहमीच्या दुपटीच्या आसपास व्होल्टेज येऊन उभं. तिथं उलट पद्धत लागते, टर्बाइन रेक्टिफायरमधून सरळ बॅटरीला जोडलेलंच ठेवायचं, बॅटरी आणि टर्बाइनच्या मधे फ्यूज आणि स्विच यांची जागा विचार करून ठरवायची (ते तुटले की टर्बाइन मोकळं सुटतं), आणि बॅटरी १४.२ च्या वर जायला लागली की समांतर लावलेला डंप लोड चालू करायचा, जास्तीची पॉवर त्यात जाळायची. व्होल्टेज ओळखायला टीएल४३१ ठीक आहे, तो ॲडजस्टेबल शंट रेफरन्स आहे, २.५ व्होल्टचा, दोन रेझिस्टरांनी १४.२ ला सेट होतो, पण त्याला हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या व्होल्टेजमधे थोडं अंतर) द्या नाहीतर मॉसफेट अर्धवट उघडा राहून तापेल. डंप लोड टर्बाइनच्या पूर्ण पॉवरचा घ्या, ५० वॅटचं असेल तर १२ व्होल्टचा गाडीचा ५५ वॅटचा हेडलाईट बल्ब चालतो, पण दोन समांतर लावा, कारण फिलामेंट तुटलं की त्याच क्षणी टर्बाइन मोकळं सुटतं. नाल्याला उंची किती मिळते आणि सेकंदाला किती लिटर पाणी आहे ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजून सांगा, त्याशिवाय बल्ब किती वॅटचा ते ठरवता येणार नाही.